आडनावाचा माग कसा काढायचा

माझं माहेरचं आडनाव वालावलकर. आजोबांच्या गिरगावातल्या शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. पण त्यांच्या वडिलांच्या नावचा, सावंतवाडी संस्थानाच्या काळातला जमिनीचा कागद हाती आला, तेव्हा त्यावर नुसतं ‘प्रभू’ होतं. पुढे पणजोबा गेले, वारसांची नावं लागली, तेव्हा फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नावबदलाच्या नोंदीत, तलाठ्यानं दोन्ही जोडून ‘प्रभू वालावलकर’ लिहिलं. जमीन तीच, घराणं तेच. वालावलात राहणारे सगळेच वालावलचे. तिथे एकाला वालावलकर म्हणून हाक मारून कुणाला काय कळणार? गावात आम्ही प्रभू होतो. मुंबईच्या धक्क्यावर उतरलो आणि वालावलकर झालो.

आडनावाचा शोध घेताना एवढं धरून ठेवलं की अर्धी वाट सरते. आडनाव बहुतेक वेळा आपण घेतलेलं नसतं, लोकांनी दिलेलं असतं. आडवाट म्हणजे मुख्य वाटेच्या बाजूची वाट. तसं आडनाव म्हणजे मूळ नावाच्या बाजूला लागलेलं नाव. म्हणून ‘या शब्दाचा अर्थ काय’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: आपल्या माणसाला असं कोण म्हणालं, कुठे म्हणालं आणि कधी? पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांसाठी आहेत.

पायरी पहिली: घरातली म्हातारी माणसं

हे काम आज करा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. पण जाऊन ‘आपलं आडनाव कसं पडलं?’ असं विचारू नका. तसं विचारलं की एक गोष्ट ऐकायला मिळते, तिच्यात एखादा राजा असतो आणि बक्षीस असतं. त्याऐवजी लहान लहान प्रश्न विचारा. लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवापुढे ठेवतात? देवक कशाचं बसवतात? गावाकडे आपल्या घराला लोक काय म्हणतात, ‘वरच्या आळीचे’, ‘वाड्यातले’, ‘मळ्यातले’? कुणाच्या घरी मयत झालं तर आपल्याला सुतक येतं? आणि आडनाव वेगळं असूनही कुणाशी सोयरीक होत नाही, ‘ते आपले भाऊबंद’ म्हणून?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आडनाव वेगळं आणि सुतक एक, म्हणजे दोन्ही घरं एकाच बुंध्याची आणि फांदी फुटल्यावर एकाचं नाव बदललं. आमच्याकडे सुतकाच्या यादीतूनच ‘प्रभू’ पहिल्यांदा ऐकायला मिळालं, कागद नंतर सापडला. आईच्या, आजीच्या माहेरचंही याच बैठकीत विचारून घ्या. ते कागदात सगळ्यात आधी पुसलं जातं.

पायरी दुसरी: साचा ओळखा

मराठी आडनावांचे ठोकळ साचे आहेत. आपलं कुठल्या साच्यातलं, ते कळलं की कुठे शोधायचं तेही कळतं.

सगळ्यात ओळखीचा साचा ‘कर’. नेरूर, पाट, म्हापण, परुळे, खानोली, मातोंड, तुळस, झाराप ही सगळी सिंधुदुर्गातली गावं. कुडाळ आणि वेंगुर्ला या दोन तालुक्यांतच नेरूरकर, पाटकर, म्हापणकर, परुळेकर, खानोलकर, मातोंडकर, तुळसकर, झारापकर अशी मुंबईच्या चाळीभरची आडनावं सापडतात. गावाचं नाव मागे शोधताना एक खूण लक्षात ठेवा: जुन्या घडणीत गावाच्या नावातला शेवटचा स्वर अनेकदा गळतो. खानोलीचा खानोलकर, साखळीचा साखळकर, डिचोलीचा डिचोलकर, मंगेशीचा मंगेशकर, शिरोड्याचा शिरोडकर, साताऱ्याचा सातारकर. अलीकडच्या घडणीत तो बहुधा राहतो, म्हणून सांगलीकर आणि डोंबिवलीकर. तेव्हा ‘साखळ’ नावाचं गाव नकाशात नाही म्हणून थांबू नका. शेवटी ई, आ, ए लावून पाहा.

‘कर’ नेहमी गावच सांगतं असंही नाही. विणकर म्हणजे विणणारा. गोव्याकडे भाट म्हणजे बागायत, आणि तिचा मालक तो भाटकार. तेव्हा भाटकर म्हटल्यावर नकाशाच्या आधी बाग आठवावी.

हा साचा कुठल्या एका जातीचा किंवा धर्माचा नाही. कोकणातले बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं इथल्या गावांत राहिले आणि त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर, चौलकर, झिराडकर अशी झाली. यांतली कितीतरी गावं अलिबागच्या आसपासची. इस्रायलला स्थायिक झालेल्या घराण्यांबरोबर रायगड जिल्ह्यातल्या गावांची ही नावं तिकडे गेली आहेत. कोकणी मुसलमानांतही दाभोळकर, चिपळूणकर आहेत.

दुसरा साचा ‘ए’नं संपणारा: काळे, गोरे, फुले, लोखंडे, साखरे. यात व्याकरणाची एक सुंदर गोष्ट लपली आहे. हे आदरार्थी बहुवचन आहे. घोडा-घोडे तसं काळा-काळे. पहिल्या माणसाला समोर नाही तरी मागे लोक ‘काळा’ म्हणत असतील. घराणं झाल्यावर ‘काळे आले’, ‘काळ्यांचा वाडा’. म्हणून अशा आडनावाची फोड करताना शेवटचा ए काढून तिथे आ लावून पाहायचा. रंग, अंगकाठी, एखादं व्यंग (काणे म्हणजे एका डोळ्याने अधू), खाण्याची जिन्नस, प्राणी, शौर्य (वाघमारे), असं काहीही हाती लागू शकतं. पण घाई नको. हातवळणे हे हात वळण्यावरून नाही, हातवळण गावावरून आहे. नरवणे गुहागरजवळच्या नरवणचे. विदर्भातले वानखेडे वानखेडचे. शब्द गमतीदार वाटला की आधी गावांची यादी पाहावी, गंमत नंतर.

तिसरा साचा हुद्द्यांचा, आणि इथे महाराष्ट्राचा सगळा जुना कारभार आडनावांत जिवंत आहे. गावचा पाटील, हा शब्द ताम्रपटांतल्या ‘पट्टकील’पासून आला. त्याचा मदतनीस चौगुला, हिशेब ठेवणारा कुलकर्णी. परगण्याच्या, म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या, पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे. कोकणात गावचा वसूल भरणारा खोत. नाणं खरं की खोटं पारखणारा पोतदार, रत्नं पारखणारा रत्नपारखी. फारसीतला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा मराठीत ‘नीस’ झाला: चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. ‘दार’ म्हणजे बाळगणारा: जामदार, इनामदार, किल्लेदार. समुद्रावर गेलात तर नाखवा, तांडेल, सारंग, हे तिन्ही होडी-गलबतांवरचे हुद्दे. राऊत हा ‘राजपुत्र’ या शब्दाचा झिजलेला अवतार, मराठीत घोडेस्वार या अर्थानं रुळलेला. जोशी म्हणजे ज्योतिषी.

हुद्द्याचं आडनाव असेल तर शोध सोपा होतो, कारण वतन, म्हणजे हुद्द्याचा पिढीजात हक्क, आलं की कागद आला. कुलकर्णी आणि परगणे वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, पाटलांचा हुद्दा १९६२ च्या कायद्यानं संपला, खोती १९४९ च्या कायद्यानं. तोवरचे वाद, वाटण्या आणि सनदा दफ्तरांत आहेत.

बाकीचे साचे थोडक्यात. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी ‘वार’ची आडनावं आहेत, हा तेलुगूतला ‘वारु’, म्हणजे ‘त्या घरचे लोक’. तेव्हा आडनावाचा पुढचा भागही तेलुगूत शोधावा, मराठी कोशात नाही. सोलापूर-कोल्हापूरकडे हिरेमठसारखं नाव कन्नड: हिरे म्हणजे मोठा. गोव्यातल्या आणि वसईच्या ख्रिस्ती घराण्यांची पोर्तुगीज आडनावं धर्मांतराच्या वेळी मिळाली, कधी पाद्र्याची, कधी धर्मपित्याची. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. इथे शब्दाचा अर्थ कळून घराण्याबद्दल काहीच कळत नाही. त्यांनी थेट गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींकडे वळावं.

पायरी तिसरी: गाव एकच आहे ना?

बोरगाव, पिंपळगाव, वडगाव किती तरी आहेत. गोव्यातला बोरकर फोंड्याजवळच्या बोरीचा असेल, नागपूरकडचा बोरकर तिकडच्या एखाद्या बोरगावचा. आडनाव एक म्हणून घराणं एक नव्हे. इथे पहिल्या पायरीवरचं कुलदैवत कामाला येतं. जनगणनेच्या गावयादीतून आपल्या नावाशी जुळणारी गावं काढा, आणि प्रत्येकाजवळ आपलं दैवत किंवा आपले भाऊबंद आहेत का ते पाहा. वालावल म्हटलं की लक्ष्मीनारायणाचं देऊळ; आमच्या घरची पहिली पत्रिका तिथेच जाते, त्यामुळे आमची शंका तिथेच मिटली.

देवसुद्धा जागा बदलतात, हे मात्र विसरू नका. गोव्याचा मंगेश आधी कुशस्थळीला, म्हणजे कुठ्ठाळीला होता. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात तो प्रियोळला नेला. देव आज जिथे आहे तिथलंच आपलं मूळ, असा थेट निष्कर्ष काढता येत नाही.

गाव सापडत नसेल तर ते धरणाखाली गेलेलं असू शकतं किंवा महसुली भाषेत ‘बेचिराख’ असू शकतं, म्हणजे हद्द कागदावर आहे पण वस्ती नाही. तलाठ्याला हा शब्द वापरून विचारा, तो लगेच ओळखतो. जिल्हाही तपासा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला. त्याआधीच्या कागदावर रत्नागिरी असणार, आणि १९४८ च्या आधी कुडाळकडच्या गावांवर सावंतवाडी संस्थान.

पायरी चौथी: कागद

हे सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात आनंदाचं काम.

सातबाऱ्यापासून मागे चला. कब्जेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, कमी झालेलं नाव कंसात असतं. तो क्रमांक घेऊन फेरफार काढा. त्यात कोण वारलं, कोणाची नावं लागली, राहणार कुठले, हे सगळं असतं. त्यातून त्याच्या आधीचा क्रमांक मिळतो. असं एकेक पाऊल मागे. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. नाही तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा. अर्ज देताना आडनावानं शोधा असं सांगू नका. गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर द्या. मला एका कार्यालयातून ‘या आडनावाची नोंद नाही’ असं दोनदा लेखी उत्तर आलं आणि ते बरोबरच होतं. तिथे वालावलकर नव्हतेच, प्रभू होते. तिसऱ्यांदा सर्व्हे नंबर दिला आणि कागद बाहेर आला.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. यात बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. शोधायचं ते बापाच्या नावानं. तिसरा, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आडनाव बदलण्याची जागा अनेकदा हीच. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी ‘कुठले?’ विचारलं, वडिलांनी गाव सांगितलं, आणि गावाला ‘कर’ लागून ते हजेरीपटावर गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून शाळेत आंबडवेकर लागलं आणि पुढे आंबेडकर झालं.

जुन्या कागदात नाव वाचायला काही शब्द यावे लागतात. ‘राणोजी बिन मालोजी’ म्हणजे मालोजीचा मुलगा राणोजी. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘भागीरथी कोम सखाराम’ म्हणजे सखारामची बायको. ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. बायकांची नोंद शोधायची तर ‘कोम’वर नजर ठेवा, त्या ओळीत माहेर सापडत नाही, पण सासरचं घर पक्कं होतं. अनेक ठिकाणी आडनाव लिहिलेलंच नसतं, नावाचं शेपूट मात्र असतं: शेट, पंत, भट, जी, नाक. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावं कोरली आहेत, ती ‘नाक’ अशी संपतात. ज्या घराण्यांना कागदानं आडनाव दिलंच नाही, त्यांनी या शेपटावरून आणि गावावरून माग काढायचा.

त्यामागचा कागद मोडी लिपीत असतो. मोडी शिकायला लागतात थोडे महिने, आणि मी सांगते, शिकाच. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग धावते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे आडनाव शेजारच्या शब्दात मिसळतं. आधी आपल्या गावाचं नाव मोडीत कसं दिसतं ते वहीत पंचवीसदा लिहून काढा. मग पानावर ते चटकन डोळ्यांत भरतं आणि आडनाव त्याच्या आसपास असतं. पुण्याचं पेशवे दफ्तर, १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, कोल्हापूर आणि मुंबईची पुराभिलेखागारं, पणजीचं पुराभिलेख खातं, ही मोडी कागदांची मोठी घरं. मराठवाड्यात निजामाची राजवट १९४८ पर्यंत होती, तेव्हा तिथे उर्दू-फारसी वाचणारा माणूस गाठावा आणि खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मागावं.

तारखा अशा फिरवा: शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत (महसुली वर्षात) ५९०, सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतल्या सनात) ५९९, महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. सुहूर सन मोडी कागदात आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहितात. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ पाहून घाबरू नका: इसन्ने दोन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९२, म्हणजे इ.स. १७९१-९२. हे एकदा जमलं की वर्ष वाचणं हा कागदातला सगळ्यात सुखाचा क्षण होतो.

पायरी पाचवी: वह्या आणि हेळवी

नाशिक-त्र्यंबकेश्वरला, गयेला, काशीला तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या ठेवतात. कोणी कधी आलं, बरोबर कोण होतं, मुलं किती, सगळं तिथे गावाच्या आणि आडनावाच्या क्रमानं असतं. खाली आपल्याच पूर्वजाची सही सापडू शकते. जाताना मूळ गाव आणि जुनं आडनाव दोन्ही सांगा. दक्षिण महाराष्ट्रात शेतकरी घराण्यांची पिढ्यांची नावं हेळवी सांभाळतात; कोल्हापूर-सांगलीकडच्या गावी ते बैल घेऊन येतात आणि वंशावळ म्हणून दाखवतात. हेळवी दारी आले तर दक्षिणा द्या, बसवून घ्या, आवाज टिपून ठेवा.

पायरी सहावी: शब्दकोश, आणि तो शेवटीच

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) इंटरनेटवर फुकट शोधता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये निघाला. दोन्ही पाहा, पण आपल्या आडनावाचा काळ कळल्यावर. कारण शब्द बदलतात. आज ‘पोत’ म्हटलं की कापड आठवतं, पोतनिसांच्या वेळी खजिना आठवत होता.

झाकलेलं आडनाव

पुष्कळ घराण्यांत आजच्या आडनावाखाली दुसरं असतं. नाना फडणविसांचं घराणं भानू, कोकणातल्या वेळासचं. फडणीस हा हुद्दा. पेशव्यांचं मूळ आडनाव भट. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. विंचूरचे सरदार विंचूरकर मूळचे दाणी. महात्मा फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि लोक फुले म्हणू लागले. कुठल्याही घरात असंच पाहावं: आधी कुळाचं नाव, मग गावाचं, मग हुद्द्याचं किंवा धंद्याचं, आणि यांतलं एखादंच हजेरीपटावर टिकतं.

म्हणून दोन गोष्टी मी कळकळीनं सांगते. आडनावावरून जात ओळखायला जाऊ नका. पाटील मराठ्यांत आहेत, आगऱ्यांत, कोळ्यांत, लेव्यांत, जैनांत आणि लिंगायतांतही. तो हुद्दा होता, तो ज्याच्याकडे होता त्याचं नाव झालं. आणि शिंदे-सिंद, शेलार-शिलाहार, कदम-कदंब अशी नावं जुन्या राजवंशांशी जुळली तरी शब्द एका मुळाचा असणं वेगळं आणि वंश एक असणं वेगळं. मधल्या पिढ्यांचा कागद हवा. दुसरं, हिणवण्यासाठी दिलेली आडनावंही आहेत, आणि ती ज्यांनी बदलली त्यांनी योग्यच केलं. तसा बदल राजपत्रात छापलेला असतो, त्यामुळे माग तुटत नाही. शोधताना त्या घरचं जुनं नाव त्यांच्या परवानगीशिवाय चारचौघांत उच्चारू नका.

शेवटचं काम लिहून ठेवण्याचं. एका वहीत प्रत्येक पिढीला एक पान: नाव, आडनाव जसं कागदात आहे तसं, अक्षराचीही दुरुस्ती न करता, कागद कुठला, क्रमांक काय, पाहिला कधी. ऐकीव ते वेगळ्या शाईनं. माझ्या वहीत पणजोबांच्या पानावर ‘प्रभू’ काळ्या शाईत आहे. त्यांच्या आजोबांचं नाव अजून निळ्या शाईत आहे, ते मोठ्या आत्यानं सांगितलेलं. पुढच्या मे महिन्यात त्याचा कागद पाहायला गावी जायचं आहे.